करड्या बगळ्याचा निवेदक

जॉन्सटाउन, १२ जानेवारी २०१७

प्रिय रेजिना,

दर सोमवारी शाळेतून आलो की आपण दोघी टेबलाशी उभ्या राहून बाबांच्या कामाच्या शर्टांवर पाणी शिंपडायचो आणि इस्त्रीसाठी त्यांच्या घट्ट वळकट्या करून टोपलीत रचायचो. कपाटावर रेडिओ लागलेला असायचा. निवेदक सांगायचा, आता तो शिडी चढतो आहे, आता खिडकीत दिवा लागला, आणि तू डोळे मिटून घ्यायचीस. डोळे मिटले की जास्त दिसतं, असं तुझं म्हणणं. मी उघडेच ठेवायचे. बशीत आईने दोघींत मिळून दिलेला अक्रोडाच्या रोलचा एक तुकडा असायचा, आणि तुझा हात मी ओळखून होते.

पण अकरा वर्षांनी तुला लिहिते आहे ते या आठवणीसाठी नाही. मला एकच विचारायचं आहे.

गेल्या गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्हा बायकांचं पिरोहीच्या करंज्या भरण्याचं काम लवकर आटोपलं, कारण बटाटाच कमी पडला. मी अडीचलाच घरी आले. अँडी फोन ठेवत होता. मला पाहून तो गॅरेजकडे गेला. तिथे त्याचं काही काम नव्हतं. मी शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटण दाबलं. पलीकडून तू म्हणालीस, "आता काय विसरलास, अँडी?"

फोन ठेवला ती मी होते.

तू त्याला अँडी म्हणतेस याचं मला काही नाही. आमच्या लग्नाआधी तू त्याच्याबरोबर दोनदा नाचायला गेली होतीस, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण 'आता काय विसरलास' हे पहिल्यांदा फोन करणाऱ्याला कोणी म्हणत नाही.

आणि ती पेटी. नाताळच्या आधी आमच्याकडे एक पार्सल आलं. त्यात एका मालिकेचा आख्खा दुसरा सीझन होता, सहा डिस्क, बावीस भाग. 'करडा बगळा'. दिवसा पुलांची तपासणी करणारा एक माणूस संध्याकाळी करडा मुखवटा चढवून त्याच पुलांच्या तारांवरून चालतो आणि लोकांना वाचवतो. अँडी म्हणाला की कॅटलॉगमधून मागवली. अँडीने जन्मात कॅटलॉगमधून मोजेसुद्धा मागवले नाहीत. मग कचऱ्यात मला पार्सलचा कागद सापडला. पत्ता पाहून क्षणभर वाटलं की हा मीच लिहिला आहे. शाळेत सिस्टर यूफेमियाने आपल्या दोघींच्या बोटांवर एकाच पट्टीने मारून एकच अक्षर वळवलं आहे, रेजिना. तिरकं, गाठी न मारलेलं. शिक्का ईरीचा होता, तुझ्या गावचा.

तुमच्या दोघांत काय चाललं आहे ते मला सरळ लिही.

बर्नाडीन

२६ जानेवारी

रेजिना,

दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. गप्प बसणं हेही उत्तरच असतं, असं फादर पाव्लिक कबुलीजबाबाच्या वेळी म्हणाले. अर्थात ते माझ्याबद्दल म्हणाले होते.

तू लिहीत नाहीस तर मीच लिहिते, म्हणजे मला काय काय दिसतं हे तुला कळेल.

पहिलं, अँडी आता माझ्या डोळ्यांत बघत नाही. बोलताना माझ्या कानाच्या बाजूला बघतो, जणू माझ्या मागे कोणी उभं आहे. अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या माणसाच्या समोर बसून जेवते आहे. खोटं बोलणाऱ्या मुलीची नजर कुठे जाते ते सिस्टर यूफेमियाने आपल्याला शिकवलं होतं.

दुसरं, गाडी तो चालवत नाही. गुडघा दुखतो म्हणतो. मी चालवते. पण दर मंगळवारी दहाच्या बसने मात्र तो एकटा जातो, तेव्हा गुडघ्याचं काही म्हणणं नसतं. कुठे गेलास विचारलं तर न्हाव्याकडे. त्याच्या डोक्यावर जे शिल्लक आहे ते दर आठवड्याला कापण्याइतकं नाही.

तिसरं मला लिहायलाही लाज वाटते. माझ्या घरात लाल नेलपॉलिश आहे. बाटली नाही, थेंब. टीव्हीच्या रिमोटवर एक जाड थेंब, शेगडीच्या बटणावर एक, मालिकेच्या डिस्कच्या कप्प्यांवर एक, दोन, तीन असे सहापर्यंत. मी आयुष्यात नखं रंगवली नाहीत. नन्सच्या नाकावर टिच्चून कोण रंगवायचं, ते मला आठवतं. विचारलं तर अँडी म्हणतो, खूण केली आहे, क्रम चुकू नये म्हणून. डिस्कवर आकडे छापलेले आहेत, रेजिना.

आणि रिमोटला तो मला हात लावू देत नाही. मी खोलीत येण्याआधीच डिस्क घालून बसतो. एकदा दारात थांबून ऐकलं. तोंडातल्या तोंडात जप चालला होता: खाली, खाली, उजवीकडे.

तरी मालिका चांगली आहे, हे मी तुझ्यावर रागावूनही कबूल करते. जेवण झालं, भांडी पुसली की साडेसहाला आम्ही दोघं सोफ्यावर बसतो, मधे पॉपकॉर्नचं पातेलं, आणि तो एक तास या घरात काहीच बिघडलेलं नसतं. मला सगळ्यात आवडतो तो निवेदक. पात्रं बोलायची थांबली की तो हळू आवाजात सांगतो: 'तो कठड्यावर चढतो. खाली नदी गोठलेली आहे. नोरा दारात उभी, हातात त्याचा ओला कोट.' आपल्या रेडिओवर होता तसाच. मी अँडीला म्हटलं, किती वर्षांनी कोणाला तरी गोष्ट सांगायची रीत आठवली. तो म्हणाला, हल्ली सगळ्या मालिका अशाच असतात.

नोरा ही बगळ्याची बायको. नवरा रोज संध्याकाळी नाहीसा होतो, भिजून परत येतो, आणि हिला काही कळत नाही. परवा मी म्हणाले की ही बाई मूर्ख आहे. घरात पाणी मुरतं आहे आणि हिला ओल दिसत नाही. अँडीने पॉपकॉर्नचं पातेलं बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "तिला कळू नये म्हणून तो बिचारा किती धडपडतो ते बघ ना."

हे तो करड्या बगळ्याबद्दल म्हणाला की स्वतःबद्दल?

आता मुख्य गोष्ट. चर्चशेजारी म्हाताऱ्या माणसांसाठी जे सेंट मोनिका निवास आहे, तिथे एक खोली रिकामी झाली आहे. एका माणसाची. त्यांनी मला अर्ज दिला आहे आणि उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे एक मार्चपर्यंत, हो किंवा नाही सांगायला सांगितलं आहे. अँडीला माहीत नाही. मी तो शिवणाच्या खणात ठेवला आहे. सत्तराव्या वर्षी घर सोडणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील ते म्हणोत. ज्या घरात आपल्या पाठीमागे बोललं जातं तिथे मी राहणार नाही.

तेव्हा तू काय लिहितेस यावर बरंच अवलंबून आहे.

बर्नाडीन

९ फेब्रुवारी

रेजिना,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. 'माझ्याकडून ऐकण्याआधी त्याला विचार. मी त्याला वचन दिलं आहे. वचन म्हणजे काय ते तुला सांगायला नको.'

वर्मी लागेल असंच लिहिलंस.

आईच्या बाबतीत मी काय केलं ते मी कोणाला आपणहून सांगत नाही. इथे बायकांना वाटतं की आपण अंत्यसंस्काराच्या जेवणात कशावरून तरी भांडलो. खरं ते तुला आणि मला माहीत आहे. आईला काय झालं आहे ते मला सात महिने माहीत होतं आणि मी तुला कळवलं नाही. तिनेच शपथ घातली होती: मार्लीनचं लग्न होऊ दे, मग तिच्या आईला, रेजिनाला सांग. लग्नाला नऊ दिवस उरले असताना ती गेली. तू आलीस तेव्हा तिचे हात जपमाळेत गुंडाळून झाले होते. तू मला एवढंच म्हणालीस, "तू मला वेड्यात काढलंस, बर्नी." त्यानंतर अकरा वर्षं मी स्वतःला समजावते आहे की शपथ ती शपथ.

आता तीच शपथ तू मला दाखवतेस.

मी त्याला विचारलं नाही. विचारलं आणि त्याने माझ्या कानाकडे बघत खोटं सांगितलं, तर मग मला काही करावं लागेल. त्याऐवजी परवा मंगळवारी मी गाडी घेऊन त्याच्या बसच्या मागे गेले. हसू नकोस. मालिकेत खलनायक करतात तसं तीन गाड्यांचं अंतर ठेवून गेले.

तो मेन स्ट्रीटवर उतरला. थांब्यावर एक बाई उभी होती, चाळिशीची, लाल कोट घातलेली. तिने त्याचा दंड धरला. नव्हे, त्याने तिचा धरला, कोपराच्या वर. दोघं रस्त्याच्या कडेपर्यंत गेले आणि थांबले. ती त्याच्या कानाशी काही बोलली, तो हसला, आणि ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मग, रेजिना, ते पुन्हा वळले आणि तोच रस्ता ओलांडून परत आले. चार वेळा. मला वाटलं, प्रेमात पडलेली माणसंच असं रिकामटेकडं फिरतात.

मी घरी आले आणि कोबी चिरला. तो दोनला आला. न्हाव्याकडे गर्दी होती म्हणाला.

साडेसहाला आम्ही चौथी डिस्क लावली. नोराला मुखवटा सापडला. मी मधेच उठून गेले. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी शिवणाच्या खोलीत अंथरूण घातलं. त्याने कारण विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

ब.

२२ फेब्रुवारी

प्रिय रेजिना,

हे पत्र नीट बसून वाच.

मला सूड घ्यायचा होता. मोठा सूड मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून ठरवलं की अँडीच्या आधी मी पुढचा सीझन बघायचा. तिसरा सीझन मी वाचनालयातून आणला, आणि काल तो बसने गेल्यावर डिस्क घातली, बटण दाबलं, एकटीच पॉपकॉर्न घेऊन बसले.

निवेदक नव्हता.

बगळा चढला, उतरला, बर्फ पडला, दार उघडलं, आणि कोणी काही सांगेना. मला वाटलं पहिला भाग तसा असेल. दुसरा लावला. तोही मुका. मग मी ती पेटी पिशवीत घालून वाचनालयात गेले आणि काउंटरवरच्या मिस टॉलिव्हरला सांगितलं की तुमच्या डिस्कमध्ये दोष आहे, हिच्यातला गोष्ट सांगणारा माणूस पुसला गेला आहे.

तिला कळेना. मी काउंटरसमोरच्या बाकावर बसले आणि त्याच्यासारखं करून दाखवलं: 'तो कठड्यावर चढतो. खाली नदी.' मागे रांगेत दोघं थांबले होते. मिस टॉलिव्हर मुलगी गोड आहे, ती काउंटरच्या बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"मिसेस हुडाक," ती म्हणाली, "तो आवाज मालिकेतला नाही. तो ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतो. ह्याही डिस्कवर आहे. सुरुवातीच्या यादीतून निवडावा लागतो."

मी विचारलं कसा निवडायचा. तिने दाखवलं. खाली, खाली, उजवीकडे.

मी तिला म्हणाले की आमच्या घरी तर सगळ्यांना दिसतं. तिने माझी पिशवी नीट धरून ठेवली, कारण माझ्या हातून ती घसरत होती.

गाडीत बसले तेव्हा किल्ली घालायचं भोक सापडेना. नेलपॉलिशचे थेंब बोटाला लागावेत म्हणून होते. तो माझ्या कानाकडे बघत होता, कारण मधलं काही त्याला दिसत नाही, कडेचंच दिसतं. हे मी आज डॉक्टरकडून ऐकलं, पण काल गाडीतच मला कळलं होतं. लाल कोटातली बाई त्याला रस्ता ओलांडायला शिकवत होती. आणि मी म्हटलं प्रेमात आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही तीन गाड्यांचं अंतर ठेवून.

घरी आल्यावर मी त्याला काही बोलले नाही. वाटाण्याचं सूप केलं. साडेसहाला म्हणाले, आज डिस्क मी घालते. त्याचा हात रिमोटवर घट्ट झाला, पण त्याने दिला. मी पाचवी डिस्क घातली आणि नुसतं बटण दाबलं. बगळा पुलावर आला, संगीत वाजलं, आणि बाकी शांतता. अँडी ताठ बसला होता. पडद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होता, आणि योग्य ठिकाणी हसायची तयारी करत होता. ते मला बघवेना.

मग मीच सांगायला लागले. "तो खांबाला धरून उभा आहे," मी म्हणाले. "खाली एक बोट चालली आहे. बोटीत नोरा आहे. तिने वर बघितलं."

त्याने मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "कधीपासून माहीत आहे?"

"आज दुपारपासून."

"रेजिनाने सांगितलं?"

"ती शब्दाची पक्की आहे," मी म्हणाले. हे तुझ्याबद्दल अकरा वर्षांत माझ्या तोंडून निघालेलं पहिलं चांगलं वाक्य.

मग त्याने सांगितलं. दीड वर्ष झालं. आधी सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, मग मधे डाग. तुझ्या स्टॅनला हेच होतं हे त्याला ते दोघं मिळून मासे पकडायला जायचे तेव्हापासून माहीत होतं, म्हणून त्याने तुला फोन केला. मला ते माहीत नव्हतं, रेजिना. स्टॅन शेवटी आंधळा झाला होता आणि मला माहीत नव्हतं. त्याच्या अंत्यसंस्काराला मी आले नाही, चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेचं एक छापील कार्ड पाठवलं.

मी अँडीला विचारलं, बायकोला सोडून मेव्हणीला सांगावंसं का वाटलं. तो म्हणाला, "कारखान्यात चाळीस फूट वरच्या क्रेनमधून मी वितळलेल्या पोलादाची बादली बोटभर इकडेतिकडे न होता ठेवायचो. आता मला ताटलीतला वाटाणा सापडत नाही. तुझ्या आईचं सगळं तू केलंस. परत तुला त्याच कामाला लावू?"

मी म्हणाले की ते ठरवायचा अधिकार माझा होता. म्हणाले, आणि तोंडातले शब्द ऐकून थांबले. हेच तू आईच्या शवपेटीशी उभी राहून मला सांगत होतीस. तेव्हा मला ते ऐकू आलं नव्हतं.

त्याने मला वेड्यात काढलं याचा राग अजून आहे. तुझाही आहे. पण रात्रीचं अंथरूण मी परत आत नेलं.

भागाचा शेवट आम्ही पाहिलाच नाही. आज बघू. निवेदक लावणार आहोत. माझं सांगणं फार पाल्हाळिक होतं असं अँडीचं मत पडलं. मी नोराचे पडदेही सांगत होते.

तुझी
बर्नी

१ मार्च, राखेचा बुधवार

प्रिय रेजिना,

कपाळावर राख घेऊनच सेंट मोनिका निवासात गेले आणि अर्ज दिला. 'एक' खोडून 'दोन' केलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या की खोडाखोड चालत नाही, नवा अर्ज भरा. मी नवा भरला, सुरेख अक्षरात. खालच्या मजल्यावर दोन माणसांचं घर मेमध्ये मोकळं होतं आहे. पायऱ्या नाहीत. अँडी आधी नाही म्हणाला, मग म्हणाला की शेगडीची बटणं तोच रंगवणार. शेवटी मी माझ्या हाताने नेलपॉलिशची बाटली विकत आणली. दुकानातल्या मुलीला सांगितलं, नखांसाठी नाही. तिने ते मानलं नसावं.

मी सुधारले आहे असं समजू नकोस. काल तो फोनवर हळू बोलत होता तर मी पंधरा मिनिटं जिन्यात उभी राहिले. बसच्या वेळा विचारत होता. लाल कोटवाल्या बाईंना मी जेवायला बोलावलं आहे. नाव डेनीस, नवरा आहे, दोन मुली आहेत. विचारून घेतलं.

आता घर आवरायला हवं, आणि आम्हाला मूल नाही, तेव्हा कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. मी विसरले तर तू बघ.

शिवणयंत्र चर्चमधल्या पॉलिना हॉर्न्याकला. तीस वर्षं तिने ते कधी मागितलं नाही, फक्त दर आठवड्याला त्याच्यावरून हात फिरवला.

अँडीची हत्यारं शेजारच्या चेस्टरला, पण करवती नाहीत. करवती अँडी स्वतः देणार आहे, त्याला जेव्हा द्यायच्या असतील तेव्हा. त्यावर कोणी बोलायचं नाही.

अक्रोड दळायचं यंत्र मार्लीनला. तिच्या लग्नात मी काही दिलं नव्हतं. तिला सांग, पातं उलटं बसवायचं असतं, नाहीतर अक्रोडाचं तेल सुटतं.

तिसऱ्या सीझनची पेटी वाचनालयाला परत, शुक्रवारपर्यंत. ती मिस टॉलिव्हरच्याच हातात द्यायची.

आईचं पिसांचं पांघरूण तुला. ते तेव्हाच द्यायला हवं होतं. पोस्टाच्या कुठल्याही खोक्यात ते मावत नाही, मी दोन खोकी करून पाहिली.

आणि एक वस्तू तुझ्याकडून इकडे यायची आहे. डेनीसने आणलेली पांढरी काठी अँडी दाराआड उभी करून ठेवतो, वापरत नाही. स्टॅनची अजून तुझ्याकडे असेल तर ती त्याला द्यायची. दोघं उंचीला सारखेच होते, आणि स्टॅनची म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही. ती पाठवू नकोस. तू ये आणि त्याच्या हातात दे. मी बाजूला उभी राहीन, तुम्ही दोघं काय बोलता ते मला नीट ऐकू येईल इतकी जवळ.

बर्नी